थेट कॅप्शनर कसा घडतो, आणि तो घडला हे मोजायचं कसं?

बातम्या चालू असताना निवेदक जे बोलतो ते शब्द काही सेकंदांत पडद्यावर उमटतात. आपल्याकडे खाली फिरणाऱ्या ठळक बातम्यांच्या पट्ट्या म्हणत नाहीये मी. बोललेलं वाक्यच्या वाक्य लिहून दाखवणारी थेट कॅप्शन म्हणतोय. हे कोण करतं असं विचारलं, तर दोनच उत्तरं येतात: 'असेल कुणीतरी फास्ट टायपिंगवाला' किंवा हल्ली 'कॉम्प्युटर करत असेल'. पहिलं उत्तर तर साध्या गणितातच बाद होतं. इंग्रजी बातम्या मिनिटाला साधारण १६० ते १८० शब्दांनी चालतात. नेहमीच्या कळफलकावर चांगला टंकलेखक ७०-८० पर्यंत जातो. म्हणजे निम्मी बातमी हवेतच.

या कामाचं प्रशिक्षण हा संशोधनाचा विषय आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भाषाशास्त्र, मानसशास्त्र, वाणी-तंत्रज्ञान, अपंगत्व-अभ्यास असं सगळं त्यात येऊन मिळतं. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांनी तो बघावा असं मला वाटतं, कारण एक गोष्ट इथे फार उघडपणे दिसते: तुम्ही कौशल्य ज्या पट्टीने मोजता, शिकणारा नेमकं तेच शिकतो. पट्टी चुकली की प्रशिक्षण चुकतं, आणि त्याचं बिल भरतो तो कर्णबधिर प्रेक्षक, ज्याच्याकडे पडद्यावरचा मजकूर सोडून ताडून बघायला दुसरं काही नसतं.

आधी काम कसं चालतं ते बघू. मुख्य मार्ग दोन. अमेरिकेत स्टेनो मशीन, ब्रिटन आणि युरोपात 'रीस्पीकिंग', म्हणजे ऐकलेलं पुन्हा बोलणं.

स्टेनो मशीनला जेमतेम २२ कळा असतात आणि त्या एकेक करून दाबायच्या नसतात. हार्मोनियमवर एकदम तीन-चार पट्ट्या दाबून सूर धरतात, तशा अनेक कळा एका वेळी दाबायच्या. डाव्या हाताला शब्दाच्या सुरुवातीची व्यंजनं, दोन्ही अंगठ्यांना स्वर, उजव्या हाताला शेवटची व्यंजनं. 'कॅट' हा शब्द तीन कळांचा, पण दाब एकच. सगळ्या अक्षरांना वेगळी कळ नसल्याने उरलेली अक्षरं जोड्यांतून येतात: सुरुवातीचा 'डी' हवा असेल तर 'टी' आणि 'के' एकत्र, 'एन' हवा असेल तर 'टी', 'पी', 'एच' तिन्ही एकत्र. थोडक्यात, स्पेलिंग लिहायचं नाही, उच्चार लिहायचा. मशीनला जोडलेलं सॉफ्टवेअर त्या दाबांचा अर्थ कॅप्शनरच्या स्वतःच्या शब्दकोशात शोधतं आणि इंग्रजी शब्द पडद्यावर टाकतं. हा शब्दकोश प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो आयुष्यभर वाढवत न्यावा लागतो. अमेरिकेत १९८२ मध्ये थेट कॅप्शन सुरू झाली ती याच यंत्रावर. कोर्टात साक्षी नोंदवण्यासाठी ते आधीपासून वापरात होतंच.

कळा कुठल्या आणि जोड्या कुठल्या हे काही महिन्यांत येतं. खरा घाम गाळावा लागतो तो वेग वाढवताना. शिकणारा ८० वरून १०० वर, मग १२० वर जातो आणि कुठेतरी अडकतो. महिनोन्महिने तीच गती. प्रशिक्षणाला दोन ते चार वर्षं, बऱ्याचदा त्याहून जास्त लागतात आणि स्टेनो शाळेत प्रवेश घेणाऱ्यांपैकी मोठा हिस्सा शेवटपर्यंत पोचतच नाही.

हे अडकणं मानसशास्त्राला जुनंच ओळखीचं आहे. ब्रायन आणि हार्टर या दोघांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांवर अभ्यास केला. कट्ट-कड-कट्ट ऐकून संदेश उतरवून घेणाऱ्यांचा वेग वाढत जातो, मग आलेख सपाट होतो, आणि काही काळाने पुन्हा चढतो. त्यांचं स्पष्टीकरण असं: आधी माणूस अक्षरं ऐकतो, मग शब्द, मग वाक्प्रचार. खालची सवय पक्की होईपर्यंत वरची सुरू होत नाही, म्हणून मधे पठार. कल्पना इतकी पटण्यासारखी होती की पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. मग १९५८ मध्ये फ्रेड केलर यांनी, हे पठार मुळात शिकण्याचा अटळ टप्पा आहे तरी का, असा लेखच लिहिला. पठार शिकणाऱ्याच्या डोक्यात असतं की शिकवण्याच्या पद्धतीत, हा प्रश्न स्टेनो शाळेतल्या १२० वर अडकलेल्या विद्यार्थ्यासाठी अजूनही रोजचा आहे.

तुमच्यापैकी कुणी यावर काम करायचं म्हणाल तर एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. अशा शाळांमधून माहिती गोळा केली की हातात येतात ते टिकलेले विद्यार्थी. 'रोज अमुक तास सराव करणारे यशस्वी झाले' हे वाक्य मग सहज लिहिलं जातं. पण सोडून गेलेल्यांनीही तेवढाच सराव केला असेल तर? त्यांना शोधून विचारल्याशिवाय तुमचा आलेख फक्त वाचलेल्यांची गोष्ट सांगतो. सोडून गेलेल्यांना शोधणं कंटाळवाणं आहे, फोन उचलत नाहीत, उचलला तर बोलायचं नसतं. तरी प्रबंधाचा जीव तिथेच आहे.

आता परीक्षेकडे या. अमेरिकेतल्या कोर्ट रिपोर्टरांच्या राष्ट्रीय संघटनेची मूळ परीक्षा आहे, तिच्यात पाच-पाच मिनिटांचे तीन भाग: १८०, २०० आणि २२५ शब्द प्रति मिनिट, आणि प्रत्येकात ९५ टक्के अचूकता. त्याच संघटनेची थेट कॅप्शनरसाठी वेगळी परीक्षा आहे: पाच मिनिटं, १८० शब्दांचा वेग, ९६ टक्के अचूकता. वरवर बघता दुसरी सोपी वाटते, नाही? वेग कमी आणि अचूकतेत एका टक्क्याचा फरक. पण पहिल्या परीक्षेत लिहून झाल्यावर मजकूर तपासून, नीट करून द्यायला वेळ मिळतो. दुसरीत नाही. जे बोटांखालून गेलं तेच उत्तरपत्रिका. पाच मिनिटांत ९०० शब्द, त्यात चुकांना जागा ३६.

हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. कोर्टात वर्षानुवर्षं काम केलेला माणूस टीव्हीवर आला की त्याला काही सवयी मोडाव्या लागतात. इंग्रजीतले 'देअर' उच्चाराचे तीन शब्द कोर्टात एकाच दाबात लिहिले तरी चालून जातं, कारण नंतर संदर्भ बघून दुरुस्त करता येतात. थेट प्रक्षेपणात 'नंतर' नसतो. त्यामुळे प्रत्येकाला वेगळा दाब ठरवावा लागतो आणि तो विचार न करता यावा लागतो. कार्यक्रमाआधी नावांची यादी शब्दकोशात भरणं हाही कामाचाच भाग. फुटबॉल सामन्याआधी दोन्ही संघांची नावं भरली नाहीत तर पुढचे दोन तास काय होईल याची कल्पना करा.

दुसरा मार्ग रीस्पीकिंगचा. बीबीसीने २००१ पासून तो वापरायला सुरुवात केली. माणूस कानाला हेडफोन लावून बसतो, निवेदकाचं बोलणं ऐकतो आणि तेच वाणी-ओळख सॉफ्टवेअरला सांगतो. 'मग सॉफ्टवेअरला थेट निवेदकाचाच आवाज का देत नाहीत?' हा प्रश्न लगेच येतो. त्या काळी सॉफ्टवेअर एकाच माणसाच्या आवाजावर तयार केलेलं असायचं. गोंगाट, चारजण एकदम बोलणं, मैदानातून येणारा आवाज यात त्याचा पार गोंधळ उडायचा. मधे एक माणूस ठेवला की यंत्राला एकच स्वच्छ, सपाट आवाज मिळतो.

सपाट म्हणजे खरोखर सपाट. रीस्पीकरला नाट्य करता येत नाही. तो 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम', 'प्रश्नचिन्ह' हेही तोंडाने बोलतो, वक्ता बदलला की रंग बदलण्याची कळ दाबतो, पडद्यावर काय उमटतंय ते वाचतो, आणि हे सगळं करताना पुढचं वाक्य ऐकतही असतो. स्वतःचाच आवाज कानात घुमत असताना दुसऱ्याचं ऐकणं ही या प्रशिक्षणाची पहिली भिंत. दुभाषे शिकताना जो सराव करतात, वक्त्याच्या मागोमाग तेच शब्द बोलत जाण्याचा, तोच इथे पहिल्या टप्प्यात करून घेतात. काम इतकं थकवणारं आहे की एक माणूस साधारण १५ ते ३० मिनिटं करतो, मग दुसरा हातात घेतो. स्टेनोच्या मानाने हे शिकायला खूप कमी वेळ लागतो, वर्षं नाहीत, महिने. म्हणूनच वाहिन्यांना ते आवडलं असणार, हे माझं मत.

रीस्पीकर अक्षरशः सगळं बोलत नाही, आणि इथून खरी गंमत सुरू होते. वक्ता धावत सुटला की त्याला वाक्य आटोपशीर करावं लागतं: 'म्हणजे काय आहे ना, मला असं वाटतं की' हे उडवायचं आणि मुद्दा ठेवायचा. मागे पडलो तर दोन वाईट पर्याय उरतात. पळत जाऊन गाठायचं आणि चुका वाढवायच्या, किंवा एक वाक्य सोडून द्यायचं. चूक झालेली दिसली, तर दुरुस्त करायची की पुढे जायचं? दुरुस्तीत दोन सेकंद गेले की तेवढा उशीर पुढच्या सगळ्या ओळींना लागतो. ब्रिटनच्या नियामकाच्या, म्हणजे ऑफकॉमच्या, मार्गदर्शनात उशिराचं उद्दिष्ट तीन सेकंद आहे. मोजल्यावर प्रत्यक्षातला उशीर त्याहून जास्तच निघत आला आहे.

तर अशा माणसाला गुण कसे द्यायचे? सोपी पद्धत अशी की मूळ शब्द आणि उमटलेले शब्द समोरासमोर ठेवायचे, फरक मोजायचे, टक्केवारी काढायची. वाणी-ओळख क्षेत्रात शब्दचूक-दर म्हणून हेच वापरतात. पण या पट्टीवर 'म्हणजे काय आहे ना' उडवणं ही चार शब्दांची चूक ठरते, आणि 'नाही' गाळणं ही एका शब्दाची. मग शिकणारा काय शिकेल? सगळं बडबडत राहायला.

यावर उपाय म्हणून पाब्लो रोमेरो-फ्रेस्को आणि हुआन मार्तिनेस यांनी एनईआर नावाची पद्धत मांडली. सूत्र सोपं आहे: (एन − ई − आर) ÷ एन × १००. एन म्हणजे उमटलेल्या मजकुरातले शब्द, विरामचिन्हांसकट. ई म्हणजे माणसाने संपादन करताना केलेल्या चुका, आर म्हणजे यंत्राने ओळखताना केलेल्या चुका. प्रत्येक चुकीला वजन द्यायचं. वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येईल आणि अर्थ लागेल ती चूक ०.२५. वाचणारा गोंधळेल किंवा माहिती गमावेल ती ०.५. आणि वाचणाऱ्याला चूक आहे हेच कळणार नाही, खोटी माहिती खरी वाटेल, ती १. अर्थ न बदलता उडवलेला मजकूर चूक धरायचाच नाही. ९८ टक्क्यांच्या वर असेल तर कॅप्शन स्वीकारण्याजोगी. ऑफकॉमने २०१३ ते २०१५ मध्ये थेट सबटायटलची पाहणी केली तेव्हा अचूकतेसाठी हीच पद्धत वापरली.

ब्रिटिश पडद्यावर एकदा 'एड मिलिबँड' या नेत्याचं 'एड मिलर बँड' झालं होतं. लोक खूप हसले. पण या पट्टीवर ती फार मोठी चूक नाही, कारण राजकीय बातमीत बँड कुठून आला हे वाचणाऱ्याला लगेच खटकतं. हसू आणणाऱ्या चुका बहुधा स्वस्त असतात.

एक काल्पनिक उदाहरण करून बघू. दोन प्रशिक्षणार्थी, दोघांचा मजकूर ७०० शब्दांचा. पहिल्याच्या २८ चुका, सगळ्या किरकोळ. दुसऱ्याच्या १६ चुका, त्यातल्या १४ गंभीर, २ किरकोळ. नुसत्या चुका मोजल्या तर पहिला ९६ टक्के, दुसरा ९७.७ टक्के. दुसरा पुढे. आता वजनं लावा. पहिल्याचे २८ × ०.२५ म्हणजे ७, अचूकता ९९ टक्के. दुसऱ्याचे १४ अधिक ०.५, म्हणजे १४.५, अचूकता ९७.९ टक्के. दुसरा नापास. मजकूर तोच, चुका त्याच, फक्त पट्टी बदलली.

एनईआर काही देवाघरची पट्टी नाही. चूक ०.५ ची की १ ची हे माणूसच ठरवतो, त्यामुळे दोन परीक्षकांचे आकडे वेगळे येऊ शकतात आणि ते किती जुळतात हे तपासावं लागतं. उशीर या सूत्रात येतच नाही, तो वेगळा मोजायचा. आणि ९८ हा आकडा दिसतो त्याहून कडक आहे, कारण अगदी वाईट मजकूरही बहुधा नव्वदीत असतो. ९६ गुण म्हटल्यावर आपल्याला पेढे आठवतात. इथे ९६ म्हणजे प्रेक्षकाला बातमी नीट कळलेली नाही.

हे सगळं मराठीत आणायचं म्हटलं तर काय होईल, हा मला सगळ्यात रंजक वाटणारा भाग आहे. प्रश्न कागदी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दूरचित्रवाणी कार्यक्रम कर्णबधिरांना सांकेतिक भाषेतून किंवा सबटायटलमधून उपलब्ध व्हावेत असं म्हटलं आहे, आणि २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्यासाठी मानकं काढली. २०११ च्या जनगणनेत ऐकण्यातलं अपंगत्व नोंदवलेले देशात सुमारे ५० लाख लोक होते.

इंग्रजीतले आकडे मात्र उचलून मराठीत ठेवता येणार नाहीत. इंग्रजीत 'घरातून' म्हणायला दोन-तीन शब्द लागतात, आपल्याकडे एक. 'मुख्यमंत्र्यांनीसुद्धा' हाही एकच शब्द. म्हणजे मिनिटाला १८० इंग्रजी शब्द आणि १८० मराठी शब्द ही दोन वेगळी ओझी आहेत. आपल्याकडे सरकारी भरतीत उच्चश्रेणी लघुलेखकाला मिनिटाला १२० शब्दांची अट असते, निम्नश्रेणीला १००. ती परंपरा आपल्याकडे पक्की आहे, पण तिथेही वहीतल्या खुणा नंतर निवांत टंकलेखन करून उतरवता येतात. कोर्ट आणि टीव्ही यांच्यातला तोच फरक. मराठीसाठी शब्दांऐवजी अक्षरं मोजावीत का, हा प्रश्न एखाद्या लघुप्रबंधाला सहज पुरेल.

शुद्धलेखनाचं बघा. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांत बोलताना फरक उरत नाही. 'पाणी'चं 'पाणि' उमटलं तर शब्दचूक-दर एक पूर्ण चूक धरेल. वाचणारा कदाचित थांबणारही नाही. याला ०.२५ द्यायचे की शून्य? हे तुम्ही-मी ठरवायचं नाही, मराठी वाचणाऱ्या कर्णबधिर प्रेक्षकांना विचारून ठरवायचं. त्यांच्यातल्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक असते, मराठी दुसरी. आपल्याला क्षुल्लक वाटणारी ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना अडवते की नाही, हे घरबसल्या गृहीत धरता येत नाही.

आणि सगळ्यात धोकादायक जागा वाक्याच्या शेवटी आहे. इंग्रजीत नकार सहसा क्रियापदाच्या आसपास, वाक्याच्या मधे येऊन जातो. मराठीत तो बहुधा शेवटचा शब्द असतो. 'जिल्ह्यातल्या शाळा उद्या बंद राहणार नाहीत.' मागे पडलेला रीस्पीकर पुढचं वाक्य पकडायला धावतो तेव्हा कुठला शब्द गिळतो? शेवटचा. उरतं काय? 'जिल्ह्यातल्या शाळा उद्या बंद राहणार.' हे मोडकं वाक्यही नाही. बातमीच्या मथळ्यासारखं धडधाकट दिसतं. अतिवृष्टीच्या दिवशी ते वाचणाऱ्या पालकाला शंका यायला जागाच नाही. सहा शब्दांतला एक गेला आणि बातमी उलटी झाली. एनईआरमध्ये ही पूर्ण एका गुणाची चूक. मराठी प्रशिक्षणात म्हणूनच पहिल्या दिवसापासून वेगळा नियम लागेल: मधलं विशेषण सोडलं तरी चालेल, वाक्याचं शेपूट सोडायचं नाही. उशीर आणि शेपूट गळणं यांचा असा संबंध खरंच असतो का, हे तपासायचं आहे. मला दाट शंका आहे की असतो.

स्वयंचलित वाणी-ओळख आली, आता माणसं कशाला, हा प्रश्न राहतोच. अमेरिका-ब्रिटनमध्ये यंत्रं थेट कॅप्शनमध्ये शिरली आहेत, आणि या करिअरकडे बघणाऱ्याने ते डोळे उघडे ठेवून बघावं. माणसाचं काम यंत्रावर नजर ठेवून चालू मजकूर सुधारण्याकडे सरकतंय. पण यंत्राच्या चुका गुळगुळीत असतात, अडखळत नाहीत, म्हणजे नेमक्या एक गुणवाल्या व्हायची शक्यता जास्त. त्या उडत्या मजकुरात पकडायला कुणाला आणि कसं शिकवायचं, हा प्रशिक्षणाचा नवा प्रश्न झालाय.

सुरुवात करायची असेल तर अनुदान-बिनुदान लागत नाही. मराठी बातमीपत्राची पाच मिनिटं रेकॉर्ड करा. हेडफोन लावून, फोनच्या मराठी श्रुतलेखनात ती पुन्हा बोला. मूळ बोलणं हाताने उतरवून काढा (याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, अख्खी दुपार धरा). मग दोन्ही पट्ट्यांनी मोजा, आणि तोच मजकूर मैत्रिणीला वेगळा मोजायला द्या, तुमचे आकडे न दाखवता. फोनला 'स्वल्पविराम' म्हटल्यावर तो चिन्ह टाकतो की तोच शब्द लिहून मोकळा होतो, हे आधी एकदा बघून घ्या, आणि विरामचिन्हं एनमध्ये धरायची का तेही मोजणीपूर्वी कागदावर लिहून ठेवा.